भिंतीनं मोजलेली माणसं

कंपनीचा नकार हेमलता धुरींच्या आधी घरी पोचला.

झालं असं, की वादळानंतर कुडाळहून माडवळला येणारा रस्ता पडलेल्या झाडांनी अडवून ठेवला होता. तो मोकळा झाल्याचं कळताच बाई पहिलीच रिक्षा करून निघाल्या. वाटभर त्यांनी विमा कंपनीला काय काय सुनावायचं याची उजळणी केली. बोलण्यात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. हयात पोस्टात गेली होती आणि खिडकीपलीकडच्या माणसाला दोन वाक्यांत गप्प कसं करायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण घराच्या वळणावर रिक्षा पोचते न पोचते तोच फोन बोलू लागला. गोड, शांत, कुणाचाच नसलेला आवाज.

"आपल्या वास्तूचा वादळी नुकसानीचा दावा तपासण्यात आला असून तो नामंजूर करण्यात येत आहे."

"अहो, पण मी अजून दावा केलाच नाही!" बाई ओरडल्या.

"दावा वास्तूनं केला आहे," आवाज म्हणाला.

रिक्षावाला गालातल्या गालात हसला. बाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो सुट्टे परत द्यायचे विसरून निघून गेला.

समोर घर होतं. होतं, हेच आधी पाहिलं त्यांनी, आणि छातीवरचा अर्धा भार उतरला. समुद्राकडच्या बाजूची पडवी मात्र साफ गेली होती. स्वयंपाकघरावर माड आडवा झाला होता आणि पश्चिमेच्या चिऱ्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. माजघरावरचं पत्र्याचं छप्पर तेवढं जागच्या जागी होतं. शेजारच्या तीन घरांची छपरं खालच्या माडबनात लोळत पडलेली दिसत होती, आणि यांचं कसं काय राहिलं याचं त्यांनाही नवल वाटलं. पण नवल करायला वेळ नव्हता. पाऊस तोंडावर आला होता. तडा गेलेला चिरा पाऊस प्यायला, की भिंत बसणार, भिंत बसली की छप्पर खाली येणार. भरपाई पावसाआधी हातात पडली तर घर, नाही तर चिऱ्यांचा ढीग, इतका सरळ मामला होता.

आणि घर म्हणजे बाईंचं सगळं काही होतं. धुरी मास्तर गेल्यावर त्या कुडाळला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. लेक चांगली, जावई त्याहून चांगला. पण दुसऱ्याच्या फ्रीजमधलं दही विचारून खावं लागतं, आणि टीव्हीचा आवाज दुसरं कुणी ठरवतं. माडवळच्या घराचं भाडं येत होतं म्हणून त्यांची मान ताठ होती. आणखी वर्षभरानं मागची खोली नीट करून स्वतःच तिथं येऊन राहायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. लेकीला अजून सांगितलं नव्हतं, एवढंच.

वास्तूनं स्वतःच दावा करणं आता किनाऱ्यावर कुणाला नवीन राहिलं नव्हतं. दरवर्षी एखादं तरी मोठं वादळ येऊ लागलं तेव्हा विमा कंपन्या टेकीला आल्या. कुणाचं छप्पर वाऱ्यानं गेलं आणि कुणाचं आधीपासूनच गेलेलं होतं, हे ठरवता ठरवता पुढचं वादळ यायचं. मग स्मृतिलेप निघाला. दिसायला साधा गिलावा, पण त्यात रव्याएवढे सिरॅमिकचे कण मिसळलेले. या कणांचा गुण असा, की ते दाबले गेले किंवा ताणले गेले, की त्यांच्यात विजेचा बारीकसा भार तयार होतो. गॅसच्या लायटरचा खटका दाबल्यावर ठिणगी पडते ती याच गुणामुळे. फरक इतकाच, की लायटरची ठिणगी विझून जाते आणि गिलाव्यातले कण आपला भार धरून ठेवतात. मीटरच्या बोर्डाशेजारी बसवलेली एक छोटी डबी हे लाखो भार वाचते आणि भिंतीच्या कुठल्या कोपऱ्यावर, कुठल्या दिशेनं, किती जोर आला, ते क्रमानं मांडते. वीज गेली तरी अडत नाही. हादराच कणांना वीज पुरवतो, त्यामुळे वादळ जितकं मोठं तितकी नोंद ठळक.

वाऱ्याचा रेटा, आपटलेलं दार, कोसळलेलं झाड, सगळं भिंतीत उमटतं. माणसांची पावलंही उमटतात. प्रत्येकाचं वजन वेगळं, पाय टाकायची लकब वेगळी, त्यामुळे घरात किती जण वावरले हे भिंत मोजू शकते. एक गोष्ट मात्र तिला मना आहे. लोकांनी मोर्चे काढले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि माणसाचं बोलणं टिपायला कायद्यानं बंदी आली. तेव्हापासून कण मुळातच असे घडवतात, की जड, सावकाश हादरे त्यांना कळतात आणि आवाजाची बारीक कंपनं त्यांच्यावरून निसटून जातात. पाऊल कळतं, शब्द कळत नाही.

माडवळच्या लोकांनी त्याला चाडीखोर गिलावा असं नाव ठेवून दिलं. बाईंनी मात्र तो हौसेनं लावून घेतला, कारण विम्याचा हप्ता निम्म्यावर येत होता. आणि खरं सांगायचं तर आपल्या पाठीमागे भाडेकरू घरात काय करतो, हे कुठल्या घरमालकाला कळायला नको असतं?

आता ते कळलं होतं.

"करारानुसार वास्तव्य दोन व्यक्तींचं," फोनमधला आवाज सांगत होता. "वादळाच्या वेळी प्रत्यक्ष वास्तव्य एकवीस व्यक्तींचं. वापराचं स्वरूप समारंभ."

"समारंभ?" बाई उसळल्या. "वादळात? माझ्या घरात?"

"एकाच खोलीत दीर्घकाळ तालबद्ध पदाघात आढळले आहेत. सामूहिक नृत्य असण्याची शक्यता फार जास्त आहे."

रोहिणी मडावी दारातच उभी होती. गडचिरोलीकडची ही मुलगी माडवळच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन दोन वर्षांपासून इथे भाड्यानं राहत होती. भाडं वेळेवर, घर स्वच्छ. तरीही बाईंनी करारात स्वतःच्या हातानं एक कलम वाढवलं होतं, की मालकिणीच्या परवानगीशिवाय बाहेरचं माणूस रात्री मुक्कामाला राहणार नाही. कुणी सांगितलं नव्हतं, पोस्टातली खोड होती ती. रोहिणीनं सही करताना ते वाचलं होतं आणि बाईंनी ते तिच्याकडून मोठ्यानं वाचूनही घेतलं होतं.

"कोण होतं घरात?" बाईंनी चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

"काकू, आधी पाणी तरी घ्या."

"पाणी नंतर. ती एवढी माणसं कोण होती?"

रोहिणीचे डोळे तारवटलेले होते. वादळ झाल्यापासून ती दवाखान्यातून नीट घरी आलीच नव्हती. "मला ड्यूटीवर बोलावलं होतं त्या दिवशी," ती म्हणाली. "आईला एकटीला टाकून कशी जाऊ, तेच मला समजून नव्हतं राहिलं. तेवढ्यात खालून माणसं वर आली. शाळेत निवारा होता ना, त्या रस्त्यावर पाणी भरलं होतं. लेकरं होती सोबत. मी म्हटलं, आत या, माझ्या आईजवळ बसा. किल्ली दिली अन् गेली. मी स्वतः घरात नव्हतीच, काकू."

"आणि त्यांनी इथं नाच केला."

"आई तर लेकरांना घेऊन पलंगाखाली होती. ती म्हणते, सगळे मिळून धपाधपा पाय आपटत होते अन् ओरडत होते. तिला कमी ऐकू येते. काय करत होते ते मला खरंच नाही माहीत."

"कोण होती ती माणसं? नाव सांग."

रोहिणीनं मान खाली घातली. "त्यांच्यातल्या मोठ्या माणसानं शब्द घेतला माझ्याकडून. म्हणाले, मालकिणीला आमचं नाव सांगू नको. मी हो म्हटलं. आता तुम्ही घर खाली कर म्हणाल तर करीन, पण नाव नाही सांगत."

बाईंना राग आला, पण तो पुरता चढेना. एखादी नर्स खोटं बोलण्यात इतकी कच्ची कशी असेल, असंही वाटलं आणि ही खोटं बोलतच नाहीये, हेही कळत होतं.

तेवढ्यात फोनमधल्या आवाजानं मधाचं बोट लावलं. भाडेकरूनं करार मोडला हे मालकिणीनं मान्य केलं, तर भरपाई ताबडतोब मालकिणीच्या खात्यात जमा होईल आणि कंपनी ती सगळी रक्कम भाडेकरूकडून वसूल करील. त्यासाठी फक्त 'हो' म्हणायचं होतं.

एक शब्द. पावसाआधी भिंत उभी राहिली असती, मागची खोलीही झाली असती. आणि दवाखान्याच्या पगारातून रोहिणी मडावी जन्मभर ते पैसे फेडत बसली असती. पण चूक तिचीच नव्हती का? कलम तर स्पष्ट होतं. बाईंनी ओठ उघडले.

त्यांची नजर माजघरात गेली. जमिनीवर अजून चिखल होता आणि त्या चिखलातून वर, टेबलावर, त्यांचं जुनं शिलाई मशीन ठेवलेलं होतं. पायांसकट सगळं उचलून, मेणकापडात गुंडाळून, वर दोरीनं आवळून. त्याच्याच शेजारी धुरी मास्तरांचा फोटो पालथा, म्हणजे काच सांभाळून ठेवलेला. नाचायला आलेली माणसं दुसऱ्याचं शिलाई मशीन उचलून वर ठेवत बसत नाहीत. निदान बाईंनी तरी असा समारंभ पाहिला नव्हता.

"मला माणूस पाठवा," त्या फोनला म्हणाल्या. "हाडामांसाचा. तसा नियम आहे तुमचा, मी वाचलाय."

नियम होता. तो कुणी वाचत नसे, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा पाहणी अधिकारी आला. इक्बाल मुकादम, मूळचा रत्नागिरीचा, चाळिशीतला, घामाघूम झालेला आणि चहाला नाही न म्हणणारा. बाईंना एवढ्यावरच तो बरा वाटला. त्यानं डबीला आपलं यंत्र जोडलं, भिंतींवरून हात फिरवला, शिडी लावून छपराच्या दक्षिण-पश्चिम कोपऱ्यात डोकं घातलं आणि बराच वेळ तिथंच राहिला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा गोंधळलेला होता.

"धुरी मॅडम, हे छप्पर राहायला नको होतं."

"म्हणजे? आता तेही माझंच चुकलं का?"

"नाही हो," तो हसला. "छप्पर एकदम उडत नाही. उतरत्या पत्र्यावरून जोरात वारा गेला, की वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढलं जातं. हा ओढा सगळ्यात जास्त असतो तो कोपऱ्यात. तिथला एक पत्रा सुटला, की आत वारा शिरतो आणि मग डब्याचं झाकण उघडावं तसं सगळं निघून जातं. तुमच्या त्या कोपऱ्यातले बोल्ट तुटलेत. सगळेच्या सगळे. वादळाच्या ऐन भरात तुटलेत, भिंतीत तसं स्पष्ट दिसतंय. म्हणजे तिथून पुढे तो कोपरा कशाच्याच आधाराशिवाय होता, आणि तरी हलला नाही."

"मग कुणी धरला?"

"तेच कळत नाही. भिंत म्हणते, त्या कोपऱ्यातल्या वाशावर खालच्या दिशेनं जोर येत होता. वारा छप्पर वर ओढतो, खाली नाही. आमच्या मशीननं तो जोर नाचणाऱ्यांच्या हिशेबात टाकून दिला, पण जमिनीवरच्या नाचानं वासा खाली कसा जाईल?" त्यानं यंत्राची कळ फिरवली. "ऐकता का? हादरे फार सावकाश असतात, कानाला कळत नाहीत. थोडा वेग वाढवून आवाजात उतरवतो."

रोहिणीची आई पलंगावर बसून पाहत होती. रोहिणी चहाचे कप घेऊन दारात थांबली. यंत्रातून आधी नुसती घरघर आली, मग वाऱ्याचा घुमारा, आणि त्याच्या खालून एक ठोका. धप, धप, आणि मग लांबलेला, ताणलेला, दाबलेला एक आवाज. क्षणभर काहीच नाही. पुन्हा धप, धप, आणि तो ताण.

"हाच तो ताल," इक्बाल म्हणाला. "किती तरी वेळ चाललाय. न चुकता."

बाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात मुठी वळून पोटाशी आले होते, एक पुढे, एक मागे, आणि उजवी टाच जमिनीत रुतली होती. हे त्यांनी केलं नव्हतं, हातापायांनी आपलं आपणच केलं होतं.

"ही रापण आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"रापण. किनाऱ्यावरून जाळं ओढतात ती. माझे बाबा रापणीचे म्होरके होते, मी तिच्यातच वाढले. लांबच्या लांब जाळं होडीनं समुद्रात टाकून येतात आणि त्याचे दोर दोन बाजूंनी माणसं ओढतात. एकेकट्यानं ओढून ते हलत नाही. दोन पावलं रोवायची आणि तिसऱ्याला सगळ्यांनी मिळून अंग मागे टाकायचं. लाट मागे जाते तेव्हा हात पुढे सरकवून घ्यायचे." त्यांनी कोपऱ्यातल्या वाशाकडे बोट केलं. "कुणी नाचत नव्हतं हो. त्यांनी त्या वाशाला दोर बांधला आणि वारा ओसरला की सैल झालेला दोर ओढून घेतला. प्रत्येक झोताला. माझं छप्पर धरून ठेवलं त्यांनी."

रोहिणीनं हातातले कप टेबलावर ठेवले. "म्हणून त्यांच्यातल्या एका बाईचा हात मोडला होता," ती म्हणाली. "दवाखान्यात आली तर म्हणे, पाय घसरून पडली."

आता कुणाचं नाव सांगायची गरज उरली नव्हती. माडवळला रापण ओढणारा एकच संघ राहिला होता आणि त्याचा म्होरक्या होता भिवा तारी, हेमलता धुरींचा सख्खा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर बाईंनी रापणीतला आपला वाटा विकला आणि त्या पैशांतून टेकडीवर हे घर बांधलं. त्यावरून भावंडांत जे वाजलं, त्यानंतर भिवा या घराची पायरी चढला नव्हता.

इक्बालनं चहा संपवला आणि अवघडून म्हणाला, "मॅडम, मला पटलं. पण मशीनला माझं पटणं चालत नाही. तिला नमुना लागतो. तीच माणसं, तोच दोर, तोच वासा. पुन्हा एकदा ओढून दाखवलं आणि भिंतीतली नोंद जुळली, तर हा समारंभ नव्हता, नुकसान टाळायची खटपट होती, असं सिद्ध होतं. अशी खटपट करायला आलेली माणसं करारात नसली तरी चालतात. तसं कलम आहे."

"आणि नाही ओढलं तर?"

"तर मग तुम्हाला या ताईंचं नाव द्यावं लागेल. नाही तर दावा सोडावा लागेल."

बाई उठल्या आणि त्यांनी चपला घातल्या.

माडबनातून खाली उतरणारी वाट त्यांच्या पायांना अजून पाठ होती. किनाऱ्यावर होड्या उलट्यापालट्या पडल्या होत्या आणि भिवा वाळूत बसून फाटलेलं जाळं विणत होता. केस पांढरे झाले होते त्याचे. बाईंना ते कुणी सांगितलं नव्हतं.

"काय गो बाय, वाट चुकलंस?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

"नाय. तुज्याकडेच इलंय."

"घर पडला?"

"पडूक नाय. तू पडूक देवक नाय."

भिवाच्या हातातली सुई थांबली. "त्या नर्स चेडवान सांगल्यान?"

"तिना तोंड उघडूक नाय. भिंतीन सांगल्यान."

"भिंतीक काय कळता?"

"भिंतीक कळूकच नाय. ती म्हणता, तुमी थंय नाचलास. माका कळला."

"नाचलाव? आमी?" भिवा पहिल्यांदा वर पाहून हसला. "माजो गुडघो बघ आणि मगे सांग." पण हसू लगेच मावळलं. "वाटो इकलंस तेव्हा काय म्हटलंस, आठावता? माज्या घराक आता मासळीचो वास नको."

"म्हटलंय," बाई म्हणाल्या. "तोंडान म्हटलंय. माज्या तोंडाक काय, पोस्टात लोक घाबरत." त्या वाळूत त्याच्यासमोर बसल्या. गुडघे दुखले तरी बसल्या. "भिवा, तू माज्या घराची पायरी चडलंस तो पोरांसाठी. ता माका कळता. पण छप्पर कशाक धरलंस? पोरांका घेवन पलंगाखाली बसाचा होता. माजा घर गेला असता तर तुजा काय जाणार होता?"

भिवानं जाळं बाजूला ठेवलं. समुद्राकडे पाहत तो म्हणाला, "मशीन दिसला माका. आवशीचा. तू घेवन गेल्लंस ता. माका वाटला होता, इकलंस असतलंस."

आईचं शिलाई मशीन विकायचं बाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं, पण हे भावाला कधी सांगायचं राहून गेलं होतं. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "दोर घी आणि सगळ्यांका बोलव. त्या विम्याच्या मशीनीक दाखवूचा आसा. नाय तर त्या बिचाऱ्या चेडवाच्या गळ्याक फास बसता."

"एक माणूस कमी आसा," भिवा उठत म्हणाला. "सुमनचो हात मोडलो हा."

"मी धरतंय."

"तुज्याच्यान होतला?"

"हात इसारूक नाय अजून," बाई म्हणाल्या.

दुपारी सगळे वर आले. बायका, पुरुष, कडेवरची पोरं, आणि गळ्यात हात बांधलेली सुमन, जी ओढायला नाही तर चुका काढायला आली होती. पायरीपाशी येऊन सगळे थांबले. कुणी आत येईना. पायांना चिखल होता, अंगाला मासळीचा वास होता, आणि बाईंचा स्वभाव गावाला माहीत होता. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"आत येवक काय सनई चौघडो व्हयो?" त्या ओरडल्या. "त्या दिवशी बरे इलास!"

हसत हसत सगळे आत शिरले. भिवानं वाशाला दोर टाकला, तीच गाठ मारली, आणि माणसं एकामागे एक उभी राहिली. बाई सुमनच्या जागी, भावाच्या मागे. दोर ओला होता आणि खरखरीत. इक्बालनं बोट वर केलं, भिवानं हाळी दिली, आणि बाईंच्या पायांनी आपणहून दोन पावलं रोवली आणि अंग मागे टाकलं. छपराचा कोपरा करकरला आणि खाली दबला. पुन्हा. पुन्हा. तळहात सोलवटले, पाठ मोडून आली, धाप लागली. सुमन "बाय, टाच! टाच रोव!" म्हणून खेकसत होती. आणि रोहिणीची आई पलंगावर बसून टाळ्या वाजवत होती, कारण तिला आज पहिल्यांदा ते नीट दिसत होतं.

"पुरे, पुरे!" इक्बाल म्हणाला.

सगळे जमिनीवर बसले. यंत्र दोन्ही नोंदी ताडून पाहू लागलं. बाईंनी रोहिणीकडे पाहिलं. ती दाराची चौकट घट्ट धरून उभी होती.

मग फोनमधून तो गोड आवाज आला. "नमुना जुळला आहे. एक व्यक्ती बदललेली आढळते, ताल तोच आहे. वापराच्या स्वरूपातील 'समारंभ' ही नोंद रद्द करून 'नुकसान टाळण्यासाठी केलेली खटपट' अशी दुरुस्ती करण्यात येत आहे. करारभंग झालेला नाही. दावा मंजूर करण्यात येत आहे."

आधी कुणाला कळलंच नाही, इतक्या थंडपणे तो बोलला. मग इक्बालनं टेबलावर थाप मारली आणि एकच गलका झाला. रोहिणी रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि "गप गो, रडतेस काय, चहा ठेव सगळ्यांना," असं दरडावताना त्यांना स्वतःलाच रडू फुटलं. इतके दिवस छातीवर बसलेला दगड कुणीतरी अलगद उचलून नेला होता. भिंत राहणार होती, छप्पर राहणार होतं, आणि रोहिणीही राहणार होती. करारातलं ते कलम त्या उद्या सकाळीच स्वतःच्या हातानं खोडणार होत्या.

चहा आला. कप पुरेनात, म्हणून वाट्या निघाल्या. माणसं भिंतीला टेकून बसली, पोरं पलंगावर नाचू लागली, इक्बाल तिसऱ्यांदा चहा घेऊ लागला. भिवा आपली वाटी घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसला, पडवी होती त्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून.

फोन पुन्हा वाजला.

"आपल्या वास्तूत या क्षणी करारापेक्षा जास्त व्यक्ती आढळत आहेत," आवाज म्हणाला. "खटपट संपलेली आहे. या व्यक्ती कोण आहेत, ते कृपया सांगावं."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. सोलवटलेल्या तळहातावर त्यांनी फुंकर घातली आणि पोस्टाच्या खिडकीतून बोलायच्या तशा, खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "घरची माणसं आहेत. सगळी."

भिंतीला ते कळलं नाही, तिला शब्द कळत नाहीत. पायरीवर पाठमोऱ्या बसलेल्या भिवाला मात्र ते ऐकू गेलं.